आकडा आणि कान : अंकीय ध्वनीच्या इतिहासातील एक वाद

यंत्राच्या खोक्यावर छापलेल्या आकड्यांवरून त्याचा आवाज कसा असेल हे सांगता येते काय? या प्रश्नावर श्रोत्यांचे दोन पंथ फार पूर्वीच पडले आहेत. एकाला आकडा म्हणजे अंतिम प्रमाण वाटते, तर दुसऱ्याला आकड्यांवर बोलणेच अरसिकपणाचे वाटते. आमच्या मते इतिहास या दोघांचीही बाजू पुरती घेत नाही.

वादाची मुळे अंकीय युगाच्या आधीची आहेत. ट्रान्झिस्टरवर चालणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरमधील ध्वनीचे विरूपण बहुधा एका स्थिर सुरावर मोजले जाई. परंतु संगीत म्हणजे स्थिर सूर नव्हे. फिनलंडचे अभियंते मत्ती ओताला यांनी १९७० साली असे दाखवले, की स्थिर सुरावर निर्दोष ठरणारा अ‍ॅम्प्लिफायर अकस्मात येणाऱ्या आघाताला विरूप करू शकतो. पुढे हा दोष मोजण्याच्याही पद्धती निघाल्या. अर्थात, मोजमाप खोटे नव्हते. ते अपुरे होते.

१ ऑक्टोबर १९८२ रोजी जपानमध्ये सोनीचा 'सीडीपी-१०१' हा सीडी प्लेअर विक्रीस आला. सीडीवर दर सेकंदाला ध्वनीचे ४४,१०० नमुने असतात आणि प्रत्येक नमुना १६ बिटांचा, म्हणजे ६५,५३६ पायऱ्यांपैकी एक असतो. नमुन्यांच्या संख्येच्या निम्म्यापर्यंतची कंपने त्यांतून पुन्हा उभी करता येतात, हे नायक्विस्ट व शॅनन यांच्या सिद्धान्तावरून ज्ञात होते. माणसाचा कान साधारण २०,००० हर्ट्झपर्यंतच ऐकतो. म्हणून हे परिमाण पुरेसे ठरले.

मात्र फिलिप्सच्या पहिल्या प्लेअरमधील परिवर्तक अवघा १४ बिटांचा होता. केवळ आकडे वाचणारा ग्राहक त्याला कनिष्ठ ठरवील. वस्तुतः त्या यंत्रात नमुन्यांचा वेग चौपट, म्हणजे सेकंदाला १,७६,४०० केलेला होता आणि पूर्णांकनातील चुकीचा बराचसा भाग श्राव्य पट्ट्याबाहेर ढकललेला होता. त्यामुळे श्राव्य पट्ट्यात १६ बिटांच्या तोडीचे काम १४ बिटांत साधले. दोन्ही आकडे खरे होते. त्यांची नुसती तुलना मात्र फसवी होती.

डिदरचे उदाहरण याहून उद्बोधक आहे. तानपुऱ्याचा स्वर विरत विरत शेवटच्या पायरीशी आला, की अंकीय ध्वनीत तो खरखरीत होऊन तुटू लागतो. अशा वेळी मुद्दाम अत्यल्प यादृच्छिक गोंगाट मिसळला, तर चुकीचे स्वराशी असलेले नाते तुटते आणि शेवटच्या पायरीखालचा स्वरही ऐकू येऊ शकतो. वँडरकॉय आणि लिपशिट्झ यांनी १९८४ साली याचे सविस्तर विवेचन केले. येथे गोंगाटाचा आकडा वाढतो आणि ध्वनी सुधारतो!

मग केवळ कानावर विसंबावे काय? तेही नाही. किंचित मोठा आवाज कानाला अधिक चांगला वाटतो आणि यंत्राची किंमत ठाऊक असली, की ऐकण्याचा निवाडा बदलतो. म्हणून दोन्ही आवाजांची पातळी समान ठेवून आणि यंत्राची ओळख झाकून चाचणी घ्यावी लागते. २००७ साली मायर आणि मोरन यांनी उच्च प्रतीच्या ध्वनिमुद्रणांच्या मार्गात सीडीच्या दर्जाचा टप्पा घालून श्रोत्यांना फरक ओळखण्यास सांगितले. ५५४ प्रयत्नांत २७६ उत्तरे बरोबर आली, म्हणजे नाणेफेकीइतकीच. २०१६ साली जोशुआ रीस यांनी १८ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले, तेव्हा हे प्रमाण ५२.३ टक्के निघाले. फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने अर्थपूर्ण होता आणि प्रशिक्षित श्रोत्यांत तो वाढलाही; परंतु २४ बिट व १९२ किलोहर्ट्झ या आकड्यांनी जे सुचवले जाते, त्या मानाने तो अल्पच म्हटला पाहिजे.

यावरून आम्हांस असे वाटते, की आकडा दोषाविषयी विश्वसनीय साक्ष देतो. पण कानाच्या मर्यादेपलीकडे तो कितीही वाढला, तरी गुण त्या प्रमाणात वाढत नाही. शिवाय मुद्रणातच आवाजाचे चढउतार चेपून टाकलेले असतील, तर खोक्यावरचा कोणताही आकडा त्याची वार्ता देत नाही. जो आकडेच नाकारतो, त्याच्या गळ्यात महागड्या तारा बांधणे सोपे असते. जो फक्त आकडे पूजतो, तो न ऐकू येणाऱ्या कंपनांचे पैसे मोजतो. कोणताही आकडा वाचताना तो कोणत्या ध्वनीवर आणि कसा मोजला, हे आधी विचारावे. उत्पादकाने ते सांगितले नसेल, तर त्या आकड्यासाठी जास्तीचे पैसे देऊ नयेत.