डब्यात पडून राहिलेला चित्रपट

झेक नवप्रवाहाचा इतिहास सांगताना आपण बहुधा 20 ऑगस्ट 1968 च्या रात्रीपाशी थांबतो. वॉर्सा करारातील देशांचे रणगाडे चेकोस्लोव्हाकियात शिरले आणि एक बहर संपला. पुढचा भाग दोन वाक्यांत उरकला जातो : मिलोश फोरमन अमेरिकेत गेला आणि मोठा झाला, यिर्झी मेन्झेल मायदेशी राहिला आणि नमला. वर्गात मीही अनेक वर्षे हेच सांगत आलो. 'लार्क्स ऑन अ स्ट्रिंग' दुसऱ्यांदा पाहिल्यानंतर मात्र ते सांगणे जड जाऊ लागले.

मेन्झेलच्या 'क्लोजली वॉच्ड ट्रेन्स' (1966) ला 1968 मध्ये ऑस्कर मिळाले, तेव्हा तो अवघा तीस वर्षांचा होता. त्यानंतर बोहुमिल ह्राबालच्याच कथांवरून त्याने 'लार्क्स' 1969 मध्ये, म्हणजे रणगाडे आल्यानंतर, चित्रित केला. काळ पन्नाशीच्या दशकारंभीचा, स्थळ क्लाद्नो येथील भंगाराचे आवार. 'बूर्झ्वा' ठरलेल्या माणसांना येथे श्रमातून सुधारायला धाडले आहे. त्यांत तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक आहे, आरोपीला बचावाचा अधिकार असतो असे मानणारा सरकारी वकील आहे, वाद्यच बूर्झ्वा ठरल्यामुळे आलेला सॅक्सोफोनवादक आहे. भट्टीत जाणाऱ्या ढिगात टंकलेखनयंत्रे आणि क्रूसही आहेत. पलीकडे देश सोडून पळू पाहिलेल्या स्त्रिया कैदी म्हणून राबतात.

एवढी सामग्री हाती असताना दुसरा कोणी आक्रोश केला असता. मेन्झेल हसतो. माणसे ऊन खातात, गप्पा मारतात, पहारेकऱ्याची नजर चुकवून एकमेकांकडे पाहतात. पहिल्यांदा मला हा हलकेपणा खटकला होता, अन्यायाला गोडवा चढवल्यासारखा वाटला होता. आता वाटते, सत्तेला नेमके हेच सोसवले नसावे. हुतात्म्याशी कसे वागायचे हे तिला ठाऊक असते. भंगारावर बसून मजेत बोलणाऱ्या माणसाचे ती काय करणार? आणि हसू फसवे नाही. प्रश्न विचारणारा एकेक जण गुपचूप नाहीसा होतो. गेलेल्यांचे काय झाले, असे भेटीला आलेल्या बड्या पाहुण्याला विचारण्याचे धाडस तरुण पावेल करतो आणि खाणीत पोहोचतो. पाळणा खाली जात असताना वरचा उजेड लहान होत जातो.

चित्रपटावर बंदी आली. तो प्रेक्षकांसमोर आला 1990 मध्ये आणि त्याच वर्षी बर्लिनचे सुवर्ण अस्वल त्याने कोस्टा-गाव्रासच्या 'म्युझिक बॉक्स'बरोबर वाटून घेतले. नवप्रवाहाच्या कोणत्याही अभ्यासक्रमात हा चित्रपट 1969 च्या खान्यात बसतो. प्रेक्षकांच्या इतिहासात मात्र तो 1990 चा आहे. कालानुक्रमाने शिकवणाऱ्या आम्हा मंडळींची ही अडचण थोडी गमतीचीच.

मधल्या वर्षांचा हिशेब सरळ नाही. मेन्झेलला पुन्हा चित्रपट करता आला तो 1974 मध्ये, धरणाच्या बांधकामावरील कामगारांवरचा. तो नीरस आहे, त्याची वकिली मी करणार नाही. पण 1980 मध्ये 'कटिंग इट शॉर्ट' करताना तो पुन्हा ह्राबालकडेच गेला. ज्या लेखकामुळे आपला चित्रपट डब्यात पडला, त्याच्याच दारी अकरा वर्षांनी परतणाऱ्या माणसाला 'नमला' हे क्रियापद लावायला माझी जीभ आता रेटत नाही.