रोगाचे कूळ

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये, असे वडीलधारे सांगत आले. मी कादंबऱ्या लिहिणारा मास्तर. कूळ कळल्यावाचून मला पात्र उभे करता येत नाही. कर्करोगाच्या बाबतीत तर या शोधावर प्राण अवलंबून असतात.

पूर्वी हा रोग ओळखत तो जागेवरून आणि डोळ्यांना दिसणाऱ्या रूपावरून. १८३८ साली बर्लिनच्या योहानेस म्युलरने सूक्ष्मदर्शकाखाली पाहून दाखवले, की गाठी पेशींच्याच बनलेल्या असतात. पेशी पेशीपासूनच जन्मते, हे त्याचा शिष्य रुडॉल्फ फिर्खो याने १८५८ मध्ये ठासून सांगितले. मात्र कार्सिनोमा संयोजी ऊतींतून उपजतो, हे फिर्खोचे मत टिकले नाही. टीर्शने १८६५ मध्ये आणि वाल्डायरने १८६७ मध्ये त्याचे मूळ अभिस्तरात, म्हणजे अवयवांना अस्तर घालणाऱ्या पेशींत, दाखवले.

तेव्हा अभिस्तराचा तो कार्सिनोमा, हाड, स्नायू, चरबी यांचा सार्कोमा, रक्त घडवणाऱ्या पेशींचा ल्युकेमिया, लसिकापेशींचा लिम्फोमा. हा नुसता नावांचा खेळ नव्हे. एकाच फुप्फुसातली एक गाठ शस्त्रक्रियेने काढतात, तर दुसरीला मुख्यतः औषधे आणि किरणे लागतात.

म्हणून, वाचकहो, गाठीचा तुकडा तपासायला पाठवून डॉक्टर चार दिवस थांबा म्हणतात, तेव्हा ते दिवस वाया जात नसतात. तेवढ्यात कुळाची चौकशी चाललेली असते.