डॉक्टर कशासाठी व्हायचे?

‘सेवेसाठी’ हे विद्यार्थ्यांचे ठरलेले उत्तर. इतिहासात हेतू इतके सुटसुटीत नसतात, असे आम्हाला वाटते. १८८९ साली विल्यम वॉन्लेस भारतात आले ते प्रेस्बिटेरियन मिशनचे डॉक्टर म्हणून. वैद्यक हे धर्मप्रसाराचे साधन होते. १८९४ मध्ये त्यांनी मिरजेत रुग्णालय उघडले. रोगी मात्र येत ते शस्त्रक्रियेसाठी! पुढे मिरज दवाखान्यांचेच गाव झाले.

‘सेवा’ शब्द शोभावा असे उदाहरण शेजारच्या सातारा जिल्ह्यातले. नायगावच्या सावित्रीबाई फुले तर डॉक्टरही नव्हत्या. १८९७ च्या प्लेगात पुण्याजवळ दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात त्या रोगी पोचवीत. हाफकिनची लस मुंबईत नुकतीच तयार झाली होती. प्रतिजैविके यायला जवळजवळ अर्धशतक होते. त्याच कामात लागण होऊन १० मार्चला त्या वारल्या.