अपिवनस्पती
दुसऱ्या वृक्षाचा केवळ आधार घेऊन, त्याचा जीवनरस न शोषता, हवेतील आर्द्रता व पर्जन्यजल यांवर वाढणाऱ्या वनस्पती. परोपजीवी बांडगूळ यांत मोडत नाही. पन्हाळा तालुक्यात सुमारे ९५० मी. उंचीवर वसलेल्या, पावसाळ्यात धुक्याने वेढलेल्या व उन्हाळ्यात शुष्क होणाऱ्या जोतिबाच्या डोंगरावर लागवडीसाठी सह्याद्रीतीलच, मे-जूनच्या सुमारास फुलणारी सीतेची वेणी ही आमरी श्रेयस्कर होय. अमेरिका खंडातील, अननसाच्या कुळातील टिलँड्सियापैकी राखाडी, खवलेदार पानांच्या जाती शुष्कता सोसतात. हिरव्या, मऊ पानांच्या जातींस आर्द्रता अधिक लागते. भिजविलेले टिलँड्सियाचे रोप उलटे धरून निथळावे, अन्यथा गाभा कुजतो. रानातील रोपे काढणे सर्वथा वर्ज्य मानून ती रोपवाटिकेतूनच घ्यावीत.