जठरावरील शस्त्र आणि हृदयाचे आयुष्य

अंगाने भरलेला मनुष्य म्हणजे खात्यापित्या घरचा, ही आपली जुनी समजूत. अन्नाचा तुटवडा पाहिलेल्या समाजाला ती शोभूनही दिसे. परंतु न्हावा-शेव्याच्या किनाऱ्याकडे पाहावे. भातशेती, मिठागरे व मासेमारी यांवर हा मुलूख जगला. २६ मे १९८९ रोजी येथे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले आणि कष्टांची जातच बदलली. फावड्याच्या जागी यंत्राचा दांडा आणि खुर्ची आली. भूक मात्र जुन्या कष्टांचीच राहते.

वाढलेल्या देहाला रक्त पुरविताना हृदय शिणते. रक्तदाब व मधुमेह धमन्या बिघडवितात. मग जठर लहान करून हृदय वाचविता येईल काय?

या प्रश्नाचा इतिहास फार जुना नाही. १९५४ साली मिनेसोटात क्रेमेन, लिनर व नेल्सन यांनी लहान आतड्यावरील प्रयोग प्रसिद्ध केले. त्यातून आतड्याचा मोठा भाग वगळण्याची शस्त्रक्रिया निघाली. वजन उतरले, पण यकृत व मूत्रपिंडे बिघडू लागली, आणि ती मागे पडली. अल्सरसाठी जठराचा भाग काढलेल्या स्त्रियांचे वजन वाढत नाही, हे आयोवातील एडवर्ड मेसन यांनी हेरले व १९६६ साली जठराला वळसा घालणारी शस्त्रक्रिया केली.

खरी कसोटी स्वीडनमध्ये १९८७ पासून लागली. शस्त्रक्रिया झालेले २,०१० आणि न झालेले २,०३७ रुग्ण वर्षानुवर्षे पाहिले गेले. २०१२ चा निष्कर्ष असा : हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांनी पहिल्या गटात २८, दुसऱ्यात ४९ मृत्यू. गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते, हे ध्यानी ठेवले पाहिजे. विशेष म्हणजे लाभ उतरलेल्या किलोंच्या प्रमाणात नव्हता. रक्तात इन्सुलिन अधिक असलेल्यांना तो अधिक झाला. तेव्हा निव्वळ काट्यावर विसंबून चालत नाही.

हेच आपल्या पुण्याने निराळ्या वाटेने दाखविले. डॉ. चित्तरंजन याज्ञिक व इंग्लंडचे युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच उदाहरण मांडले. उंचीच्या मानाने वजनाचा अंक दोघांचा एकच, २२.३, पण शरीरातील मेद युडकिनांचा ९.१ टक्के, याज्ञिकांचा २१.२! म्हणूनच २०२२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात शस्त्रक्रियेसाठी सर्वसाधारण अंक ३५ असला, तरी आशियाई लोकांसाठी तो २७.५ धरला आहे.

आम्हांस वाटते, आरशाला कंटाळून कोणी शस्त्राखाली जाऊ नये. पण साखर व रक्तदाब हाताबाहेर गेलेल्याने केवळ भीतीने वा लाजेने ते नाकारूही नये. पुढे आहाराचे पथ्य आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या जन्मभर सांभाळाव्या लागतात. शस्त्र एका रुग्णाला तारू शकेल. साऱ्या किनाऱ्याला मात्र चालण्याचे रस्ते आणि बेताचे ताटच तारील.