सुरतेचा तह आणि 'ध'चा 'मा'

सुरत म्हटले की आपल्याला शिवाजी महाराजांच्या १६६४ आणि १६७० च्या स्वाऱ्या आठवतात. त्यानंतर शंभरएक वर्षांनी याच शहरात मराठेशाहीला फार महाग पडलेला एक करार झाला. मार्च १७७५ मध्ये रघुनाथराव पेशव्यांनी मुंबईकर इंग्रजांशी तह केला. इंग्रजांनी अडीच हजार फौज देऊन त्यांना पेशवाई मिळवून द्यायची आणि मोबदल्यात साष्टी व वसई घ्यायची. पहिले इंग्रज-मराठा युद्ध यातूनच पेटले.

हा तह रघुनाथरावांचा. आनंदीबाईंना गरोदरपणी त्यांनी धारला ठेवले होते आणि दोनच महिन्यांपूर्वी तिथे दुसऱ्या बाजीरावाचा जन्म झाला होता. तरी आपल्या बोलण्यात आज काय उरले आहे? सुरतेचा तह नव्हे, तर 'ध'चा 'मा'. ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणरावांचा खून झाला. रामशास्त्र्यांनी दोषी ठरवले ते रघुनाथरावांना. 'धरावे'चे 'मारावे' आनंदीबाईंनी केले, हा समज ग्रँट डफने आपल्या इतिहासात नोंदवला तो १८२६ साली, म्हणजे त्रेपन्न वर्षांनी.

राजघराण्यातील स्त्रीचे असे विद्रूप चित्र रंगवण्यात आपण एकटे नाही. नेपोलियन सम्राट झाल्यावर १८०५ मध्ये लंडनच्या जेम्स गिलरेने एक व्यंगचित्र छापले. त्यात सम्राज्ञी जोसेफीन आणि मादाम तालियाँ बारास या पुढाऱ्यासमोर विवस्त्र नाचताहेत आणि नेपोलियन पडद्याआडून डोकावतो आहे. मथळ्यात गिलरेने चक्क लिहिले, 'ही सत्य घटना'! आपल्या गोव्यावर राज्य करणाऱ्या पोर्तुगालची कार्लोटा जोआकिना १८०७ मध्ये नेपोलियनच्या भीतीने कुटुंबासह ब्राझीलला गेली. १९९५ च्या ब्राझिली चित्रपटातही तिची थट्टाच आहे.

मला मात्र एक फरक दिसतो. गिलरेने राणीला वापरले ते नवऱ्याला हिणवण्यासाठी. आपण आनंदीबाईंना वापरले ते नवऱ्याचा दोष हलका करण्यासाठी. बिचारे राघोबादादा, बायकोच्या नादाने बिघडले, एवढे म्हटले की सुरतेचा जाब कोणी विचारत नाही.

आनंदीबाई निर्दोष होत्या असा दाखला मी देत नाही. पण पुढच्या वेळी 'ध'चा 'मा' म्हणताना साष्टी-वसई कोणी देऊ केली, तेही आठवावे.