‘कागद’ : एका शब्दाचा अर्थविस्तार

नागपूरच्या दक्षिण अंगास वसलेल्या मनीषनगरात कोणी भूखंड किंवा सदनिका घेऊ लागला, म्हणजे घरातील वडीलधारे माणूस पाण्याची नि रस्त्याची चौकशी मागाहून करते. आधी विचारते ते ‘कागद आहेत ना?’ असे. या प्रश्नातील ‘कागद’ म्हणजे पदार्थ नव्हे, केवळ लेखही नव्हे. मालकी सिद्ध करणारा पुरावा तेथे अभिप्रेत असतो. अकारान्त पुल्लिंगी असल्यामुळे या नामाचे अनेकवचन एकवचनाहून निराळे होत नाही. ‘कागद आहे’ आणि ‘कागद आहेत’ यांतील भेद एकटे क्रियापद दाखविते. पण तेवढ्या भेदाने मेजावरचा कोरा ताव हक्काचा आधार होऊन बसतो. हा अर्थ या शब्दास कसा चिकटला, हे पाहण्याचा येथे विचार आहे.

शब्द फारसीतून आला याविषयी वाद नाही. फारसीत ‘काग़ज़’ आणि ‘काग़द’ अशी दोन्ही रूपे आढळतात. आजच्या हिंदीत पहिले रूढ आहे. मराठी व कानडी यांनी दुसरे स्वीकारले, आणि गुजरातीत त्याचे ‘कागळ’ झाले. फारसीच्याही मागे जाऊन त्याचे मूळ चिनीत शोधण्याचा प्रयत्न झाला आहे, पण त्यास निर्णायक आधार मिळालेला नाही. वस्तू मात्र निःसंशय चीनची. ती येण्यापूर्वी आपल्याकडे भूर्जपत्रे व ताडपत्रे लिहिली जात. त्यांचा वारसा ‘पत्र’ आणि ‘पान’ या शब्दांत अद्याप टिकून आहे; वहीला आपण आजही झाडाप्रमाणे पाने आहेत असेच म्हणतो. ‘कागदपत्र’ या समासात एक पद फारसी व दुसरे संस्कृत आहे, म्हणजे नव्या नि जुन्या लेखनद्रव्यांची नावे तेथे शेजारी नांदतात. दौलताबादजवळचे कागझीपुरा आणि पुण्याच्या कसबा पेठेतील कागदीपुरा ही स्थलनामे या व्यवसायाची साक्ष देतात. तेथला कारागीर तो ‘कागदी’. त्याच रूपाने पुढे ‘कागदी घोडे’ नाचविले जाऊ लागले. कारागिराचे नाव आणि पोकळपणाचे विशेषण यांत भाषेने भेद ठेवला नाही.

मराठेशाहीच्या पत्रव्यवहारात ‘कागद’ हा पत्र किंवा लेख या अर्थाने येतो. ‘कागद पाठविला’ असे वाचून कोऱ्या तावांच्या खरेदीची कल्पना करणारा विद्यार्थी मला परीक्षेत भेटला आहे, म्हणून हे सांगणे अस्थानी होऊ नये. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने सिद्ध झालेल्या राज्यव्यवहारकोशाने फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द पुरविले, तथापि ‘कागद’ व्यवहारातून हलला नाही. उलट ‘कागद करून देणे’ म्हणजे करार लिहून देणे, असा प्रयोग रुळला. लेखापासून बंधनापर्यंतचे अंतर येथे ओलांडले गेले.

या बंधनाचा अर्थ १८७५ साली जेवढा उघड झाला, तेवढा क्वचितच झाला असेल. त्या वर्षी १२ मे रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांवर हल्ला केला, आणि हे लोण पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत पसरले. जमावाचा रोख कर्जखते आणि हुकूमनामे मिळवून जाळण्यावर होता. सावकाराने ती मुकाट्याने दिली तर बहुधा त्यास इजा होत नसे. नाकारली तर मारहाण वा जाळपोळ होई. हा रोष अडाणीपणाचा म्हणून सोडून देता येत नाही. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जखताचे आयुष्य सामान्यतः तीन वर्षांवर आणले. हेतू ऋणकोच्या संरक्षणाचा. पण सावकार मुदत सरण्यापूर्वी व्याज मुद्दलात मिळवून नवे खत लिहून घेऊ लागला. निरक्षर कुणब्याने निशाणी उठविली, की न घेतलेली रक्कमही घेतलेली ठरे. न्यायालय खत पाही, व्यवहार पाहत नसे. कुणब्याने जाळला तो कागदच, कारण कर्जाचे अस्तित्व त्यातच साठविलेले होते. चौकशी होऊन १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी जो कायदा झाला, त्याने न्यायालयांना खताच्या मागे जाऊन मूळ देवघेव तपासण्याचा अधिकार दिला. आणि त्याच कायद्याने खते ग्रामनिबंधकापुढे लिहिली जावीत असेही ठरविले. म्हणजे कागदावरचा अविश्वास दूर करण्यासाठी आणखी एक कागद!

इंग्रजी अमदानीत ‘पेपर’ आला, त्याने ‘कागदा’चे सर्व अर्थ घेतले नाहीत. वृत्तपत्र, परीक्षा आणि शोधनिबंध हे त्याचे मुख्य प्रांत झाले. परीक्षेतही पाहा: ‘पेपर फुटला’ यात प्रश्नपत्रिका, ‘पेपर तपासले’ यात उत्तरपत्रिका, आणि एखाद्या प्राध्यापकाने ‘पेपर वाचला’ म्हटल्यास त्याने सकाळी चहाबरोबर वाचला की परिषदेत, हे संदर्भावरूनच कळते. अलीकडे ‘प्लॉटचे पेपर’ असेही ऐकू येते. तरीही ‘कागदोपत्री’ या क्रियाविशेषणाच्या वाटेस ‘पेपर’ गेलेला नाही. सत्य आणि नोंद यांतील दरी दाखविणारा इतका नेमका शब्द मराठीत दुसरा माझ्या पाहण्यात नाही. रस्ता कागदोपत्री असतो, जमिनीवर नसतो. याच्या उलट, भूखंडाचे अनधिकृत तुकडे पाडून उभी राहिलेली घरे जमिनीवर असतात, कागदोपत्री नसतात. महाराष्ट्राचा २००१ चा गुंठेवारी कायदा या दुसऱ्या प्रकारासाठीच करावा लागला.

आता सातबाराचा उतारा संगणकीय स्वाक्षरीसह पडद्यावर येतो, आणि सरकारी संकेतस्थळ अर्जदारास ‘आवश्यक कागदपत्रे’ जोडावयास सांगते. अर्जदार आपल्या दूरध्वनीतून ती पाठवितो. या व्यवहारात लगदा नाही, ताव नाही, पानही नाही. तरी ती कागदपत्रेच, आणि ती अपुरी असली तर अर्ज परत येतो.